दहा पिवळ्या रेघा

गेल्या वर्षी दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी, दुपारी चारच्या सुमारास, अमरावतीहून दर्यापूरकडे जाताना माझ्या गाडीचं मागचं डावं चाक निखळलं. गाडी मी चालवत होतो. बरोबर कोणी नव्हतं. चाक गाडीच्या पुढे निघून गेलं, रस्ता ओलांडून फाट्यावर प्रवाशांची वाट पाहत उभ्या असलेल्या काळ्यापिवळ्या जीपच्या मागच्या दाराला धडकलं आणि तिथंच आडवं पडलं. जीपमध्ये दोन बायका बसलेल्या होत्या. कोणाला लागलं नाही.

एवढी हकिकत मी तेव्हापासून बऱ्याच जणांना सांगितली. तिच्या आधीचा भाग सांगितला नाही.

मी अमरावतीत एका दैनिकाच्या डेस्कवर बावीस वर्षं काम करतो. तालुक्यांहून आलेल्या बातम्या वाचायच्या, कुठलं विधान कोणाचं आहे ते पाहायचं, जे कळलेलं नाही ते कळल्यासारखं लिहिलं असेल तर कापायचं. या कामात मी कडक समजला जातो.

गाडी तीस वर्षांची, परदेशी बनावटीची, दोन दारांची, लाल. अकोल्याच्या एका डॉक्टरांकडून घेतली. त्यांनी ती सतरा वर्षं वापरली होती. इंजिन उत्तम होतं, पत्रा उत्तम होता. माझ्या दृष्टीनं खोट एकच होती. मागून पाहिलं की चाकं बॉडीच्या फार आत गेलेली दिसत. वऱ्हाडात जुन्या गाड्या बाळगणाऱ्या अकरा जणांचा आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. मी फोटो टाकला तेव्हा एकानं लिहिलं, ‘भाऊ, गाडी झकास. पण मांगून पाह्यलं त् बकरी पाय जवळ घेऊन उभी हाय असं वाटते.’ खाली सात जणांचे हसरे चेहरे आले. मी पन्नाशीचा माणूस आहे. मला ते लागलं.

त्यावर उपाय म्हणून मी स्पेसर मागवले. स्पेसर म्हणजे चाक आणि ते ज्यावर बसतं तो हब, या दोघांच्या मध्ये घालायची ॲल्युमिनियमची जाड चकती. चाक तितकं बाहेर येतं. पंधरा मिलिमीटरचे दोन, मागच्या दोन चाकांसाठी. चाक बाहेर आलं की त्याला धरणारे स्टड, म्हणजे ज्यांवर नट बसतात ते आट्यांचे दांडे, आखूड पडतात, म्हणून लांब स्टडही मागवले.

ही गाडी अकोल्याच्या एकाच मिस्त्रीनं आजवर उघडली होती. जठारपेठेच्या मागच्या एका गल्लीत त्याचं गॅरेज आहे, वर घर. एकटाच काम करतो. माझ्याच वयाचा. तरुणपणी बस डेपोत शिकला, नंतर स्वतःचं थाटलं. डॉक्टरांची ही गाडी आणि एका शाळेच्या तीन व्हॅन, ही त्याची कायमची कामं.

त्यानं खोक्यातून चकती काढली, उलटसुलट करून पाहिली.

“हे काहून आणलं तुमी?”

“चाक बाहेर आलं की दिसायला बरं दिसतं.”

“कोणाले?”

मी दुसरी चकतीही खोक्यातून काढून त्याच्यापुढे ठेवली.

“डॉक्टरसाहेबानं सतरा वर्षं चालवली ही गाडी. त्याईले कधी मांगून पाह्याची गरज नाही पडली.”

“मिस्त्री, बसवता येईल की नाही तेवढं सांगा.”

“बसवता काहून नाही येईन? पण माह्या पद्धतीनं बसवीन. दिवस लागन. घाई कराची नाही.”

दिवस लागला. त्यानं जुने स्टड ठोकून काढले, हबवरचा गंज तारेच्या ब्रशनं घासून धातू दिसेपर्यंत साफ केला, चकती हबवर हलत नाही ना ते दहा वेळा फिरवून पाहिलं. नवे स्टड बसवले. चाक चढवून नट हातानं लावले, मग टॉर्क पाना घेतला. या पान्याला जोर ठरवून देता येतो, तेवढा जोर लागला की तो टक् असा वाजतो. एका चाकाला पाच नट. समोरासमोरचे नट घेत त्यानं दोन फेऱ्या केल्या. शेवटी पिवळ्या ऑइलपेंटची छोटी डबी उघडली आणि बारीक ब्रशनं प्रत्येक नटावरून चाकाच्या धातूवर उतरणारी एक सरळ रेघ ओढली. दोन चाकं, दहा नट, दहा रेघा.

“हे काय?”

“हजेरीपत्रक. नट जरासा फिरला त् रेघ तुटते, नटावरची इकडं आन् चाकावरची तिकडं. लांबूनच दिसते. आन् रेघ नसन त् नट कसलाच नाही असं समजाचं. मंग मी कितीबी म्हणो का कसला.” ब्रश पुसत त्यानं पुढचं सांगितलं. “शंभर किलोमीटर झाले का परत या. नवे स्टड जागेवर बसतात, नट ढिले पडतात. पुन्हा कसा लागतात. दसऱ्याच्या आंधी या. दसऱ्याले मी नागपूरले असतो, दीक्षाभूमीवर. त्याच्यानंतर दोन दिवस गॅरेज बंद.”

मी हो म्हटलं. निघण्यापूर्वी मोबाइलवर दोन्ही मागच्या चाकांचे फोटो काढले. ग्रुपवर टाकण्यासाठीच काढले होते, पण टाकले नाहीत. काळ्या चाकावर पिवळे फराटे दिसत होते.

अकोल्याहून अमरावतीला येईपर्यंतच शंभरी जवळ आली. पुढच्या रविवारी मी नांदगाव खंडेश्वरला साळ्याकडे गेलो. काम काही नव्हतं, गाडी दाखवायची होती. परत आलो तेव्हा मीटर दीडशेच्या पुढे होता. तो मला दिसत होता. दसऱ्याला आठ दिवस होते. त्या आठवड्यात अकोल्याला जायला मला एक सुट्टी होती. ती मी गाडीच्या सीटला नवी कव्हरं घालण्यात घालवली.

खंडेनवमीला सकाळी गाडी धुतली. आमच्याकडे त्या दिवशी घरातल्या हत्यारांची, यंत्रांची पूजा होते. वडील असताना विळे, कुऱ्हाड आणि कोळपणीच्या डवऱ्याची लोखंडी पास असायची. आता मिक्सर, शिलाई मशीन, लॅपटॉप आणि गाडी असते. पूजेचा फोटो ग्रुपवर जाणार होता. मी थिनरमध्ये फडकं बुडवलं आणि मागच्या चाकाजवळ बसलो.

बायको झेंडूची माळ ओवत पायरीवर बसली होती.

“ते पिवळं काहून पुसून राहिले? त्या मिस्त्रीनं लावलं होतं ना?”

“चांगलं दिसत नाही.”

“त्यानं दिसाले लावलं होतं का?”

“परत जायचंच आहे त्याच्याकडे. पुन्हा लावील.”

उजव्या चाकावरच्या पाच रेघा सरळ होत्या. डाव्या चाकावर तीन सरळ होत्या. दोन नटांवरची रेघ चाकावरच्या रेघेशी जुळत नव्हती, बोटाच्या पेराइतकी सरकलेली होती. त्या मला वाकड्या दिसल्या. हात हलला असेल मिस्त्रीचा, असं मी मनात म्हटलं आणि त्या दोन आधी पुसल्या.

हे मी आज जसं आठवतं तसं लिहितो आहे. रेघ तुटली की काय समजायचं, ते त्यानं मला सांगितलं होतं. मी ते ऐकलं होतं. फडकं हातात असताना ते मला आठवलं नाही की आठवूनही मी पुढे गेलो, हे मी खात्रीनं सांगू शकत नाही.

माळ घातलेल्या गाडीचा फोटो मागून काढला. ‘आता कसी वाघावानी उभी हाय,’ असं त्याच माणसानं लिहिलं. मला बरं वाटलं.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी मला दर्यापूरला एका परिचिताकडे जायचं होतं. वलगाव सोडल्यावर मागून कट् कट् असा आवाज येऊ लागला. रस्ता खराब होता. मी खिडकीची काच वर केली. आवाज कमी झाला. मग मागचा भाग डावीकडे बसला, पत्रा डांबरावर घासला आणि चाक मला पुढे जाताना दिसलं.

जीपचा ड्रायव्हर आधी आपलं दार पाहून आला, मग माझ्याकडे आला.

“साहेब, तुमचं चाक तुमच्या आंधी दर्यापूरले जाऊन राहिलं होतं.”

आजूबाजूचे हसले. जीपमधली एक बाई उतरून उभी होती. वयानं साठीची असेल. ती हसली नाही. “मी आत्ताच त्या दारातून पाय आत घेतला होता,” ती म्हणाली. “आत्ताच.” हे ती तिथं आलेल्या प्रत्येकाला सांगत होती. दुसरी जीप आली तेव्हा दोघी तिच्यात बसून गेल्या.

मी मिस्त्रीला फोन केला. तो त्याच दिवशी गॅरेज उघडून बसला होता. मोटारसायकलवर हत्यारांची पिशवी बांधून तो उजेड असतानाच पोचला. पिशवी उतरवली. डाव्या हबजवळ बसला. दोन स्टड तुटलेले होते, उरलेल्या तिन्हींचे आटे झिजून गेलेले होते. नट एकही नव्हता. मग तो उठून उजव्या बाजूला गेला. तिथलं चाक जागेवर होतं. त्यानं पाची नटांवरून अंगठा फिरवला, एकेक करून. परत पहिल्या नटापासून फिरवला.

“रेघ नाही,” तो म्हणाला.

मी उभा होतो.

“एकाबी नटावर नाही. म्हणजे मी टॉर्क नाही मारला. हातानं लावले आन् तसेच सोडले.” त्यानं वर पाहिलं. “साहेब, तुमी होते तिथं. तुमाले आठवते का? मी रेघा मारल्या होत्या का?”

चौकशीत अधिकारी जे उत्तर देतात आणि जे छापताना मला नेहमी चीड येते, ते मी दिलं.

“आठवत नाही.”

तो मान हलवत राहिला. मग जीपच्या ड्रायव्हरकडे गेला. “दादा, माही चूक हाय,” तो म्हणाला. “तुमची जीप उद्या अकोल्याले आणा, दार मी सरळ करून देतो. अन् त्या बाया कोणत्या गावच्या होत्या?” ड्रायव्हरला माहीत नव्हतं. मिस्त्रीनं फाट्यावरच्या पानठेल्यावरही विचारलं. तिथंही कोणाला माहीत नव्हतं.

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

“रेघा तुमी पुसल्या, हे सांगितलं का त्याले?”

“सांगेन.”

“कवा?”

त्यानंतर तिनं हा विषय काढला नाही.

ग्रुपवर विचारपूस सुरू झाली होती. मी लिहिलं, ‘मिस्त्रीच्या हातून नट कसायचे राहिले, असं दिसतं.’ असं दिसतं, हे शब्द मी सवयीनं घातले. बातमीत ते घातले की जबाबदारी हलकी होते. एकानं उत्तर दिलं, ‘त्याच्याकडं गेलेच काहून तुमी? आपल्यातले मिस्त्री मेले का?’ या वाक्यातल्या ‘आपल्यातले’चा अर्थ मला कळला. मिस्त्री दसऱ्याला कुठे जातो, ते ग्रुपमधल्या सगळ्यांना माहीत होतं. डेस्कवर अशी ओळ आली असती तर ती मी कापली असती आणि पाठवणाऱ्याला फोन केला असता. इथं मी काहीच लिहिलं नाही. दोघांनी त्या ओळीला अंगठ्याचं चिन्ह दिलं.

थंडीच्या दिवसांत एकदा डॉक्टरांचा फोन आला. त्यांना गाडीचं कळलं होतं. “तुम्हाला दुसरी गोष्ट कळली का?” ते म्हणाले. “त्यानं शाळेच्या तिन्ही व्हॅन सोडल्या. मालकानं काढल्या नाहीत, यानंच सोडल्या. मी विचारलं, तर म्हणतो, ‘त्याच्यात लेकरं बसतात, डॉक्टरसाहेब. रेघ माराची राहिली हे मले आठवूनच नाही राहिलं, म्हणजे आणखी काय काय राहिलं असन?’ दारावर पाटी लावली आहे, चाक आणि ब्रेकचं काम होणार नाही म्हणून. आता नुसतं ऑइल बदलतो, क्लच, असली कामं करतो.” मग ते म्हणाले, “सतरा वर्षांत या माणसानं माझा एक नट ढिला सोडलेला नाही. तुम्ही नीट पाहिलं होतं ना?”

“पाहिलं होतं,” मी म्हटलं.

ते खरं होतं.

फोटो मोबाइलमध्ये होते. त्या फोननंतर मी ते उघडून पाहिले. डाव्या चाकावर पाच, उजव्या चाकावर पाच. पुन्हा बंद केले. नंतरच्या महिन्यांत किती वेळा उघडले, ते मोजलेलं नाही.

उन्हाळ्यात डेस्कवर एक साधी गोष्ट घडली. एका तालुक्याच्या वार्ताहरानं ग्रामसेवकाबद्दल चुकीची बातमी दिली होती. मी त्याला दुरुस्ती लिहायला सांगितली आणि ती मूळ बातमी ज्या पानावर, ज्या जागी होती तिथंच लावायला काढली.

“भाऊ, दोन ओळीची दुरुस्ती कोण वाचते हो?” तो फोनवर म्हणाला.

“ज्याच्याबद्दल असते तो वाचतो.”

हे मी नेहमी म्हणतो. या वेळी फोन ठेवल्यावर मला जागेवर बसवेना. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली आणि सकाळच्या रेल्वेनं अकोल्याला गेलो.

पाटी दाराच्या चौकटीवर होती. पांढऱ्या पत्र्यावर पिवळ्या ऑइलपेंटनं लिहिलेली. मिस्त्री एका स्कूटरचा क्लच उघडून बसला होता. मला पाहून उठला, कापडानं स्टूल पुसून पुढे सरकवलं.

“बसा. गाडी कुठं हाय?”

“घरी आहे. मिस्त्री, त्या रेघा तुम्ही मारल्या होत्या. दहाच्या दहा. खंडेनवमीला मी थिनरनं पुसल्या. डाव्या चाकावरच्या दोन तेव्हाच तुटलेल्या होत्या. त्याही पुसल्या.”

त्यानं हातातलं कापड खांद्यावर टाकलं. मग हसला, पण ते हसू मला दिलासा देण्यासाठी होतं.

“डॉक्टरसाहेबानं पाठवलं का तुमाले?”

“नाही.”

“त्यायले लय वाईट वाटते माह्यासाठी. साहेब, तुमी भले माणूस हा. माह्या मनावरचं ओझं कमी व्हावं म्हणून सांगून राहिले तुमी. पण मी पाह्यलं ना माह्या डोयानं, नटावर रेघ नव्हती.”

माझं खरं बोलणं त्याला दयेपोटी केलेलं वाटलं. मी मोबाइल काढला आणि फोटो उघडून त्याच्या हातात दिला.

त्यानं हात आधी पॅन्टला पुसले. दोन बोटांनी फोटो मोठा केला. एक नट पाहिला, सरकवला, दुसरा पाहिला. दुसरा फोटो आला तेव्हा फोन डोळ्यांजवळ नेला. मग जिन्याकडे तोंड करून हाक मारली, “अवो, खाली ये जरा.”

त्याची बायको पदराला हात पुसत खाली आली.

“मोज,” तो म्हणाला.

“काय मोजू?”

“पिवया रेघा. मोज.”

तिनं मोजल्या. “पाच. आन् ह्या पाच. दहा.”

“दहा,” तो म्हणाला. फोन त्यानं माझ्याकडे परत दिला नाही, हातातच धरला. “साहेब, हा फोटो तवाच काढला होता?”

“हो. गाडी न्यायच्या आधी, इथंच.”

“म्हणजे त्या दिवशी रस्त्यावर हा तुमच्या खिशात होता.”

“होता.”

बायको माझ्याकडे पाहून म्हणाली, “हा माणूस सहा महिने झोपेतून उठून विचारते मले, का मी गॅस बंद केला का, दाराले कडी लावली का. आन् तुमच्या खिशात होता?” ती उत्तरासाठी थांबली नाही. वर गेली.

मिस्त्रीनं फोन परत दिला. “हे दोन्ही मले पाठवा,” एवढंच म्हणाला आणि क्लचसमोर जाऊन बसला. मी तिथंच उभं राहून फोटो पाठवले. त्याच्या खिशातला फोन दोनदा वाजला. त्यानं तो काढला नाही.

परतीच्या गाडीत मी ग्रुपवर लिहिलं. ‘दसऱ्यानंतर मी इथं लिहिलं होतं की मिस्त्रीच्या हातून नट कसायचे राहिले. ते खोटं आहे. त्यांनी नट कसले होते, खुणाही केल्या होत्या. खुणा मी पुसल्या आणि त्यांनी सांगूनही पुन्हा कसून घ्यायला गेलो नाही. ती चूक माझी आहे, आणि तेव्हा लपवली तीही माझीच.’ सोबत फोटो जोडले. ‘आपल्यातले’च्या ज्या वाक्याला मी तेव्हा उत्तर दिलं नव्हतं, त्यालाही दिलं. लिहिलं की ते वाक्य तेव्हाच खोडायला हवं होतं.

मूर्तिजापूर येईपर्यंत बाकीच्या दहाही जणांनी वाचलं होतं. एकानं उत्तर दिलं, ‘जाऊ द्या ना भाऊ, आता त्याचं काय?’ एक जण ग्रुप सोडून गेला.

मिस्त्रीला त्यानंतर मी दोनदा फोन केला. त्यानं उचलला नाही. डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते ऐकून त्यांनी फोन ठेवला.

मागच्या गुरुवारी कामानिमित्त अकोल्यात होतो. सकाळी दहाच्या सुमारास रिक्षा जठारपेठेच्या मागच्या गल्लीतून न्यायला सांगितली. थांबलो नाही. चाक आणि ब्रेकचं काम होणार नाही, ही पाटी अजून चौकटीवर होती. तिच्या खाली शाळेची एक व्हॅन जॅकवर उभी होती आणि तिचं मागचं चाक काढलेलं होतं.